बॉयलरच्या खोलीतला फळा

मित्रांनो, फळा म्हटलं की तुम्हाला गणिताचा तास आठवतो, ठाऊक आहे मला. घाबरू नका. मी जुना फळा आहे खरा, पण शाळेचं तोंडही कधी पाहिलेलं नाही. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लॉन्ड्रीत बॉयलर आला, तो ज्या खोक्यातून आला त्याच खोक्याच्या फळ्या जोडून सुतारानं मला ठोकलं, काळा रंग फासला आणि बॉयलरसमोर टांगलं. पहिल्याच महिन्यात एकानं अंदाजानं भलतंच चाक फिरवलं आणि हात कोपरापर्यंत भाजून घेतला. तेव्हा माझ्या कपाळावर पांढऱ्या ऑइलपेंटनं एक ओळ आली: 'कळलं नाही तर हात लावू नये.' ती कुठल्याच फडक्यानं जात नाही.

बाकी सगळं रोज जायचं. पहिल्या पाळीच्या माणसानं प्रेशर किती, पाणी किती, कुठे गळतंय ते माझ्यावर खडूनं लिहायचं. दुपारी दोनला दुसऱ्या पाळीवाल्यानं ते लॉगबुकात उतरवायचं आणि मला पुसायचं. एक अक्षर गाळायचं नाही, असा नियम.

पहिल्या पाळीला असायचे भट्टीमामा. अठ्ठावीस वर्षं तोच बॉयलर. नुसता आवाज ऐकून प्रेशर सांगायचे आणि काटा मुकाट्यानं तेच दाखवायचा. मी पाहत राहायचो. दुसऱ्या पाळीला घड्याळराव. दोनला एक मिनिट कमी नाही की जास्त नाही. अक्षर मोत्यासारखं, पण लिहितोय काय याच्याशी गड्याला देणंघेणं नाही.

एक दिवस मॅनेजर आले. "मामा, नवा बॉयलर येतोय. बिघडला की इंजिनियर फोनवरून इंग्रजीत सांगणार, तसं करायचं. महिन्याभरात तपासनीस बाई येऊन तोंडी परीक्षा घेतील. जमलं तर बॉयलर तुमचा. नाही तर चादरींच्या घड्या घालायला चला."

दोन दिवस मामांचा डबा अर्धा तसाच परत गेला.

त्यांची सून त्याच लॉन्ड्रीत इस्त्रीवर होती. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन यायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, भाजी किती चिवडाल? खडू द्या इकडे." आणि माझ्यावर तिनं लिहिलं, 'टर्न'.

"टर्न म्हणजे फिरवणं."

"जन्म गेला गं माझा चाकं फिरवण्यात. पुढचं सांग."

"टर्न ऑन, चालू करा. टर्न ऑफ, बंद करा. टर्न अप, वाढवा. टर्न डाऊन, कमी करा."

"हात्तिच्या, एवढंच?"

"थांबा. एखादा माणूस उगवला, तरी टर्न अप. कुणाला नकार दिला, तरी टर्न डाऊन."

"मग आमच्या चिरंजीवांना टर्न डाऊन का नाही केलंस?"

"तेव्हा हा शब्द येत नव्हता ना, बाबा!" सगळे अर्थ ती माझ्यावर लिहीत होतीच, आता 'नकार'पुढे 'चिरंजीव'ही लिहिलं.

मामा हसले. कितीतरी दिवसांनी. मी मात्र थक्क. मूळ शब्द एकच आणि मागे इवलंसं शेपूट. एकाच पाइपाला दहा नळ काढावेत आणि दर नळातून निराळंच काही यावं, तसला प्रकार!

मग तिनं लिहिलं, 'टर्न इनटू'. म्हणाली, "एकाचं दुसरं होणं. वॉटर टर्न्स इनटू स्टीम."

"म्हणजे... पाण्याची वाफ होते?"

"हो."

मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी पाण्याच्या काचेकडे पाहिलं, वरच्या पाइपाकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं हेच करतोय की मी. एवढ्याशा ओळीत मावतं होय!"

तीन आठवडे असं चाललं. दोन वाजले की घड्याळराव येऊन मला पुसून टाकायचे.

परीक्षेच्या दिवशी दोनला घड्याळरावांच्या पाठोपाठ तपासनीस बाई आल्या. आधी लॉगबुक उघडलं आणि मोठ्यानं वाचू लागल्या, "प्रेशर सात. पाणी ठीक. टर्न अप म्हणजे हजर होणे. टर्न डाऊन म्हणजे नकार, चिरंजीव. काय आहे हे?"

मामांचा चेहरा खडूसारखा. लॉगबुकात भलतंसलतं लिहिलं तर नोकरी जाते, हे मलाही ठाऊक होतं.

घड्याळराव पुढे झाले. "मी लिहिलं. फळ्यावर होतं. नियम म्हणजे नियम."

"अहो, पण वाचून तरी लिहायचं!"

"ते नियमात नव्हतं, बाई."

बाईंनी कपाळाला हात लावला. पुन्हा पानं चाळली. "शब्द रोज नवे. पण प्रेशर एक दिवसही हललेलं नाही. बरं, वहीतलं हातात किती उतरलंय बघू." आणि चालू केलं. "टर्न इट डाऊन!" मामांनी चाक हळूच फिरवलं, काटा खाली आला. "टर्न इट अप!" काटा वर. एकामागून एक सहा हुकूम, सहाही बरोबर. दारात सूनबाई हातात चादर तशीच धरून उभी.

मग बाई अचानक म्हणाल्या, "टर्न इट ओव्हर!"

हे शेपूट माझ्यावर कधी आलंच नव्हतं. मामांचा हात वाफ सोडायच्या लाल चाकाकडे निघाला. वीतभर उरला. मित्रांनो, माझ्या फळ्यांच्या फटीसुद्धा आवळल्या. मामांनी हात मागे घेतला आणि पाठीशी धरला.

"हे मला येत नाही, बाई. आपल्या भाषेत सांगा. नाही तर मी हात लावणार नाही."

"नापास झालात तरी?"

"तरी."

बाईंनी माझ्या कपाळाकडे बोट केलं. "सहा शब्दांसाठी तुम्हाला पास करत नाहीये मी. या सातव्यासाठी करतेय. शब्द काय, सून शिकवील."

नवा बॉयलर मामांनाच मिळाला. त्याला काचेचा पडदा होता, आकडे आपोआप उमटायचे. मग माझं काय काम? पिंपांमागे पडलो. ओल चढली, दोन सांधे सुटले, कोळ्यांनी संसार थाटले. वर्षभर कुणी नावही घेतलं नाही.

एके दिवशी सूनबाईनंच ओढून काढलं. "बाबा, याला टाकलं कुणी हो? धरा तिकडून!" मामांनी खिळे ठोकले, तिनं रंग दिला, पण कपाळाची ओळ सोडून.

आता मी इस्त्रीच्या खोलीत असतो. सुट्टीत दहाबारा बायका डबे उघडून समोर बसतात. या आठवड्यात 'पुट' चाललंय. त्याची शेपटं ऐकून मी अजून थक्क होतो. घड्याळराव आता निवृत्त झालेत, तरी दोनला येतात आणि सगळं एका वेगळ्या वहीत उतरवतात.

मित्रांनो, मला ओल्या फडक्यानं पुसू नका, सांधे दुखतात. कोरड्यानं खुशाल पुसा, पुसण्यासाठीच आहे मी. पण पुसायच्या आधी एकदा वाचा. घड्याळरावसुद्धा हल्ली वाचतात. ओठ हलवत, एकेक अक्षर. कळलं नाही, तर फडकं खाली ठेवतात आणि सूनबाईला हाक मारतात.