रबरी सवत

"केसर, अजून येक हंडा आन. मिठाचा कन ऱ्हाता कामा न्हाय," शिवदास ओरडला.

केसरने हंडा दाणकन आदळला. विहीर पाव कोसावर, आणि हिच्या डोक्यावरचं गोडं पाणी जाणार कुणाला? तर बुटांना! मासे गळाला लावायचा शौक असलेल्या गोऱ्या साहेबाने रेवदंड्याहून बदलून जाताना ते कमरेइतके उंच रबरी बूट शिवदासला दिले होते. तेव्हापासून हा खाडीत जाळं लावून आला की आधी बूट धुणार, सावलीत उलटे टांगणार, भोक दिसलं की सायकलच्या ट्यूबचं ठिगळ चिकटवणार. पाकट माशाच्या काट्याने फाटलेला त्याचा डावा पाय खाऱ्या पाण्यात चिघळतो, हे केसरला कळत होतं. तरी जळफळाट थांबत नव्हता. खरी सवत असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या.

"माज्याशी बोलाया तोंड न्हाय, आन् त्यांना पुसताना गानी!"

"अगं, जपले तर धा वर्सं जातील."

"मी मेले तरी ते ऱ्हातील."

एका सकाळी शिवदास मुशी माशाच्या तेलाची वाटी घेऊन बसला. याच तेलाने होडीचं लाकूड वर्षानुवर्षं टिकतं, मग बुटांना का नको? तेल लावलं तर रबर सडेल, असं साहेबाच्या खानसाम्याने तिला बजावलं होतं आणि ती सांगायलाच विसरली होती. शब्द ओठांवर आला. पण शिवदास बूट मांडीवर घेऊन किती हळुवार चोळत होता! पंधरा वर्षांत तिच्या अंगावरून तसा हात फिरला नव्हता. तिने शब्द गिळला आणि कालवं काढायला खडकावर निघून गेली.

आठवड्यात रबर फुगलं, बोटांना चिकटू लागलं. शिवदासने बूट ओढला तर तुकडाच हातात आला.

"माज्याच हातानं घालवले," तो म्हणाला.

केसरला वाटलं होतं, आनंद होईल. कसला आनंद!

"तेल चालत न्हाय ते मना म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "बोलले न्हाय. जळत व्हते मी त्यांच्यावर."

शिवदास जाळं खांद्यावर टाकून पाय ओढत निघाला. केसरने ते हिसकावलं, लुगडं खोचलं आणि स्वतः चिखलात उतरली. खुंटांना जाळं बांधून ती वर आली, तेव्हा शिवदास तिच्या टाचांकडे बघत होता. कालवांच्या धारदार शिंपल्यांनी त्या उभ्या-आडव्या चिरल्या होत्या.

"आत्ता कापलं?"

"न्हाय. लगीन झाल्यापासून."

शिवदास तिथेच ओल्या वाळूत बसला. कितीतरी वेळ तो त्या पायांकडे बघत राहिला, पण हात लावायचा त्याला धीर झाला नाही.