कोणी नसलेल्या बाईचं पातेलं

मी पातेलं बोलतोय. वृद्धाश्रमाच्या मागच्या दाराशी, नळाजवळ, एका कानाचं जाड बुडाचं पातेलं पडलंय ना, तेच मी. पोटात वाळकी पानं साचली आहेत. भंगारवाला अजून यायचाय. तोवर माझी हकीकत ऐका. फार मोठी नाही, आणि गोड तर मुळीच नाही.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यातला. यंत्राने एका दणक्यात मला आकार दिला आणि कान जोडणाऱ्या कारागिराने रिबिटा ठोकता ठोकता दोन शिव्या हासडल्या. तेवढंच माझं बारसं. दुकानात मी बरेच दिवस वरच्या फळीवर धूळ खात होतो. घरगुती गिऱ्हाइकाला मी मोठा पडायचो आणि खानावळवाल्याला लहान.

एके दिवशी एक काटकुळी तरुणी आली. तिच्या हातांना कांद्याचा वास होता. तिने मला खाली काढायला लावलं, बोटाने वाजवून पाहिलं, बूड चाचपलं. तिच्या मागे एक नाक वाहणारा पोरगा उभा होता.

"ताई, एवढं मोठं कशाला? आपण दोघंच तर आहोत."

"दोघंच आहोत म्हणूनच रे छोट्या. एकदा शिजवलं की दोन दिवस चुलीकडे बघायला नको."

त्यांचे आईवडील पाठोपाठ गेले होते. ताई एका छापखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. घर म्हणजे एक खोली, तिच्यात एक खिडकी, आणि खिडकीबाहेर एक उंच झाड. त्या झाडाची पानं पिवळी पडून गळायला लागली, दाराखालून गार वारा शिरायला लागला, की ताई मला शेगडीवर चढवायची. भोपळा, कांदा, बटाटा, वरून भरपूर मिरी. कँटीनमध्ये दिवसभर दुसऱ्यांसाठी रांधून आलेली बाई घरी येऊन पुन्हा पदर खोचायची. छोट्या शाळेतून थंडगार कान घेऊन यायचा आणि माझ्या अंगाला हात लावून शेकायचा. ताई त्याला तळाचं दाट वाढायची. स्वतःला वरचं पाणी.

मधल्या काळात एक टंकलेखक घरी यायला लागला होता. चांगला माणूस होता. ताईशी बोलताना त्याचं सूप निवून जायचं. एकदा त्याने विचारलं, "पोराला वसतिगृहात ठेवलं तर?" ताईने त्याची वाटी उचलली. नंतर तो आला नाही. छोट्या त्या दिवशी दोन वाट्या जास्त प्यायला.

छोट्या शिकला, दातांचा डॉक्टर झाला. मोठं घर झालं, लग्न झालं. ताई आणि मी त्याच्याबरोबर नव्या घरात गेलो. ताईला मागची खोली मिळाली आणि मला ओट्याखालचा कप्पा.

भावजय वाईट नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. हसतमुख होती. कुणाचा वाढदिवस विसरायची नाही. रस्त्यात कुणी उघडं झोपलेलं दिसलं तर तिच्या डोळ्यांत खरंच पाणी यायचं. तिने मैत्रिणींना घेऊन एक मंडळ काढलं. पानगळ सुरू झाली की मंडळाचा मेळावा भरायचा. लोकांनी यावं, गरमागरम सूप प्यावं, निराधारांसाठी मदत द्यावी.

सूप अर्थातच ताईचं. पहिल्या वर्षी भावजयीने तिला पुढे बोलावलं आणि सगळ्यांना सांगितलं, "या आमच्या ताई. सगळी कमाल यांची." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई लाजून माझ्यामागे उभी राहिली. दुसऱ्या वर्षी कुणी विचारलं तेव्हा भावजय म्हणाली, "आमच्या घरची पद्धत आहे." पुढे पुढे, "माझी पद्धत आहे." ताईला त्याचं काही वाटलं नाही. तिला त्या घरातली एकच गोष्ट हवी होती, आणि ती होती चिमी.

चिमी म्हणजे छोट्याची लेक. ती आत्याच्या खोलीत झोपायची, आत्याच्या हातूनच वेणी घालून घ्यायची आणि सूप ढवळताना स्टुलावर चढून माझ्यात डोकवायची. "आत्या, बुडबुडे बघ, बेडकासारखे डोळे काढतात!" ताई हसून हसून बेजार व्हायची.

मग ताईचे हात थरथरायला लागले. आधी फक्त चमचा वाजायचा. मग कपातला चहा बशीत येऊ लागला. ती हात पदराखाली लपवायची. त्या वर्षीच्या मेळाव्यात भावजयीने तिला सांगितलं होतं, "ताई, तुम्ही आतच थांबा." पण गर्दी वाढली, वाढायला माणसं कमी पडली, आणि ताई भरलेला डाव घेऊन पुढे झाली. समोर मंडळाच्या अध्यक्षीणबाई होत्या. उकळतं सूप त्यांच्या मनगटावर गेलं. त्या किंचाळल्या. फोटो काढणाऱ्याचा हात नेमका तेव्हाच बटणावर होता.

घरी आल्यावर भावजय ओरडली नाही. पदार्थ झाकून ठेवता ठेवता शांतपणे म्हणाली, "उद्या गॅसपाशी काही झालं म्हणजे? चिमी सारखी त्यांच्याजवळ असते. आणि मंडळाकडे आलेले कपडे दिवाणखान्यात किती दिवस ठेवायचे? मागची खोली मोकळी झाली तर किती सोय होईल."

 छोट्या नखाने टेबलाचा रंग खरवडत होता.

काही दिवसांनी दुपारी तो एकटाच स्वयंपाकघरात आला. ताईने त्याच्यासाठी सूप केलं होतं. ती बसून करायला शिकली होती, डाव दोन्ही हातांनी धरून.

"ताई, एक चांगली जागा बघितलीये. शहराबाहेर आहे. डॉक्टर असतात, झाडंबिडं आहेत. तुझं नीट होईल तिथे."

"किती दिवसांसाठी?"

"बघू ना." त्याने सूप फुंकलं. "फक्त एक आहे. तिथे ज्यांना कोणी नाही, त्यांनाच घेतात."

"मग मला कसे घेतील?"

त्याने मान वर केली नाही. ताई त्याच्याकडे बघत राहिली. हळूहळू तिला कळलं, आणि तिचे हात थरथरायचेच थांबले. बऱ्याच दिवसांत ते इतके स्थिर मी पाहिले नव्हते.

"दुसरीकडे पैसे भरून ठेवलं तर लोक विचारतात गं," तो म्हणाला. "बहिणीला असं का ठेवलं म्हणून. हिचं मंडळ आहे, चार लोकांत नाव आहे." मग वाटी पुढे करून म्हणाला, "थोडं आणखी वाढ."

तिने वाढलं.

चिमी शाळेत गेली असताना आम्ही निघालो. एक पिशवी ताईच्या पायाशी, आणि मी तिच्या मांडीवर. "पातेलं पण घेऊन जा," भावजय म्हणाली होती, "तिथे उपयोगी पडेल. देणगीच होईल."

आश्रमाचे व्यवस्थापक शिस्तीचे होते. त्यांनी दारातच विचारलं, "तुमच्या कोण लागतात या?"

"कोणी नाही," छोट्या म्हणाला. "आमच्याकडे स्वयंपाकाला होत्या. बिचाऱ्यांना कोणीच नाही."

ताईची बोटं माझ्या कानांवर आवळली गेली. इतकी, की डावा कान तेव्हाच ढिला झाला.  छोट्याने व्यवस्थापकांना नमस्कार केला, ताईलाही केला, जसा परक्या म्हाताऱ्या बाईला करतात तसा, आणि गाडी वळवून गेला.

तेव्हापासून ती सगळ्यांची स्वयंपाकीणबाई झाली. तिथली आचारीण तिला मला हात लावू द्यायची नाही. "सांडाल आणि मलाच पुसावं लागेल." पण कांदे मात्र तिच्याचपुढे टाकायची. "आयुष्यभर तेच केलंत ना? मग निवडा." थरथरत्या हातात सुरी धरून ताई कांदे चिरायची. बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या. पण कांद्यांचा तिला एक फायदा होता. त्यामुळे तिला कुणी काही विचारत नसे.

पुढच्या पानगळीत अध्यक्षीणबाईंनी ठरवलं की यंदा आपण लांबच्या आश्रमात जायचं. भावजयीने दुसऱ्या दोन-तीन जागा सुचवल्या असणार, पण अध्यक्षीणबाईंपुढे कुणाचं चालतं? मंडळ आलं, फोटोवाला आला. डबे भरभरून सूप आलं आणि गरम करायला माझ्यात ओतलं गेलं. मला लांबलचक टेबलावर मांडलं. डाव हातात घेऊन माझ्यापाशी कोण उभं राहावं? छोट्या. दातांचे डॉक्टर स्वतःच्या हाताने वाढणार होते.

त्याने मला ओळखलं, नजर माझ्या ढिल्या डाव्या कानावर गेली आणि हातातला डाव माझ्या काठावर आपटला.

तेवढ्यात चिमीने हाक मारली. "आत्या!"

ती वाट्या टाकून धावली. ताई रांगेत मधोमध उभी होती. "आत्या, तू मावशीआजीकडे गेली होतीस ना? आई म्हणाली तिथे फोन नाही. तू इथे काय करतेस?" तिने ताईच्या कमरेला मिठी मारली. 

व्यवस्थापक पुढे आले. "डॉक्टरसाहेब, ही काय भानगड आहे? या तुमच्या नात्यातल्या असतील तर आमच्याकडे नियम आहे. आजच्या आज घरी न्यावं लागेल."

"अहो, घरी होत्या ना कामाला," छोट्या हसला. "मुलं म्हणायची आत्या."

"खोटं!" चिमी रडायला लागली. "ती बाबांची ताई आहे! आत्या, तू सांग ना! सांग ना सगळ्यांना!"

आता सगळे ताईकडे बघत होते. एक शब्द, आणि ती त्याच गाडीतून घरी गेली असती, चिमीला मांडीवर घेऊन. तिने तोंड उघडलंसुद्धा. मग तिची नजर छोट्यावर गेली. माझ्या वाफेमागे त्याचा चेहरा मला दिसत होता. लाज नव्हती त्यावर. भीती होती, ही आता घरी येईल याची.

ताईने चिमीचे हात कमरेवरून सोडवले.

"पोरीला लळा होता माझा," ती व्यवस्थापकांना म्हणाली. "मी स्वयंपाकीण होते त्यांच्याकडे. मला कोणी नाही."

"किती गोड मुलगी!" मनगटावरचा जुना डाग पदराखाली घेत अध्यक्षीणबाई म्हणाल्या; ताईला ओळखलं असेल तरी त्यांनी दाखवलं नाही. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. छोट्याने कपाळ पुसलं आणि पुढच्या माणसाला सूप वाढलं. भावजयीने चिमीला दंडाला धरून बाहेर नेलं. जाताना चिमी वळून वळून ताईकडे बघत होती. ती रडत नव्हती. लहान मूल असं कुणाकडे बघत नाही.

त्यानंतर ताईने वर्षभर वाट पाहिली. ती कुणाला बोलली नाही, पण कांदे चिरताना पुटपुटायची, ते मी चुलीवरून ऐकायचो. "पुढल्या वेळेला तिला बाजूला घेईन. समजावून सांगेन. हुशार आहे ती, तिला कळेल." झाडं पिवळी पडायला लागली तशी तिने आचारीणीकडून एक कंगवा मागून घेतला.

मंडळ पुन्हा आलं. चिमी आली होती. उंच झाली होती, केस कापलेले, वेणी नव्हती. या खेपेला डाव तिच्याच हातात होता. ताई रांगेत पहिली उभी होती, केस चापूनचोपून बसवलेले.

"गरम आहे हं, आजी," चिमी म्हणाली. "सांभाळून." अगदी तिच्या आईचा आवाज.

"चिमे," ताई हळूच म्हणाली.

पोरीने तिच्याकडे सरळ पाहिलं. डोळ्याला डोळा भिडवून पाहिलं. "काही हवंय का, आजी?"

ती विसरली असेल असं मला नाही वाटत. शिकली होती. निम्मं बापाकडून आणि निम्मं आत्याकडून.

ताईच्या हातातली वाटी वाजत होती. "थोडं मीठ," ती म्हणाली.

चिमीने मीठ दिलं. फोटोवाल्याने फोटो काढला. ताईने वाटी संपवली, आश्रमात टाकलेलं चालत नाही, आणि आपल्या खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. त्यानंतर एक नवी म्हातारी आली. तिने विचारलं, "तुमचं कोण कोण आहे हो?" ताई म्हणाली, "कोणी नाही." मी तिला हे आधी एकदाच बोलताना ऐकलं होतं. या वेळी तिचा आवाज कुठेच अडला नाही.

माझा डावा कान निखळला, बुडाला भोक पडलं. म्हणून इथे आलो. मला कुणाकडे काही मागायचं नाही, कारण मागून काय मिळतं ते मी पाहिलंय. एवढंच सांगतो, की पानगळीत तुम्हीही कुणाला गरम काही वाढायला जाल. चांगलंच आहे, जा. फक्त घरातून निघण्यापूर्वी एकदा मागच्या खोलीत डोकावून बघा.

आज सकाळी आचारीण आणि ताई कांद्याची सालं टाकायला इथे आल्या होत्या. आचारीणीने मला पायाने सरकवलं.

"स्वयंपाकीणबाई, हे तुमच्याबरोबर आलं होतं ना? ठेवायचंय का? नाहीतर भंगारात घालते."

ताईने माझ्याकडे पाहिलं. वाकून माझ्या पोटातली दोन-चार वाळकी पानं काढली, बाजूला टाकली. मग हात झटकले.

"माझं नाही ते," ती म्हणाली. "घाला."