डॉक्टरच खुनी होता

मी वाचायचा दिवा बोलतोय. आठवतं तसं सांगतो. पण आधीच कबूल करतो, माझ्या आठवणीवर माझाच फारसा भरवसा नाही. आजवर माझे कितीतरी बल्ब बदलले, दोनदा वायर बदलली, एकदा बटण. एवढं बदलल्यावर जे आठवतं ते खरंच मला आठवतं, की मी आपलं जुळवून घेतो, कोण जाणे. शिवाय मला दिसतं तेही माझ्या उजेडापुरतंच.

पितळी दांडा, हिरवी टोपी आणि पायाशी लोखंडाची जड चकती असा मी एका लहानशा कारखान्यातून बाहेर पडलो. रसायनशास्त्राच्या एका तरुण प्राध्यापकांनी मला घरी आणून आरामखुर्चीच्या मागे, डाव्या खांद्याशी उभं केलं. त्यांच्या खांद्यावरून मी चाळीस वर्षं वाचलं. प्रबंध वाचले, उत्तरपत्रिका वाचल्या, आयकराच्या नोटिसाही वाचल्या. शिक्षण म्हणाल तर माझं बरंच उच्च झालं. त्यातलं डोक्यात किती राहिलं, ते विचारू नका.

पण माझे खरे दिवस नाताळच्या सुट्टीतले. कॉलेज बंद झालं, थंडी पडली, की या घरात खुनाची कादंबरी निघायची. दरवर्षी नवी, आणि तरी जवळपास तीच. गावापासून दूर एक मोठी हवेली, बर्फानं बंद झालेला रस्ता, जेवायला जमलेले दहाबारा पाहुणे आणि गालिच्यावर एक प्रेत. रोज संध्याकाळी एक प्रकरण मोठ्यानं वाचायचं. शेवटच्या प्रकरणाआधी प्रत्येकानं खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. ज्याचं चुकेल त्यानं आठवडाभर भांडी घासायची.

नियम एकच होता. शेवट आधी वाचायचा नाही. याबाबतीत प्राध्यापक फार कडक. परीक्षेत कॉपी करणारा एक वेळ परवडला, म्हणायचे.

प्रेत पडलेलं असताना माणसं इतकी सुखात कशी बसतात, याचं मला नवल वाटे. शाली पांघरलेल्या, हातात चहाचे कप, आणि चेहऱ्यावर कसं समाधान. बाहेरच्या जगात कुणी काय केलं याचा पत्ता बहुधा लागतच नाही. इथं शेवटच्या प्रकरणात तरी लागतो, म्हणून असेल. माझा आपला अंदाज.

प्राध्यापक निवृत्त झाले, मुलीचं लग्न झालं, जावई चिठ्ठ्या टाकू लागले. मग ते वर्ष आलं. प्राध्यापकांच्या पत्नीच्या बहिणीचा पाय मोडला होता, म्हणून त्या ऐन सुट्टीत तिकडे गेल्या होत्या. मुलीनं ग्रंथालयातून एक जुनी कादंबरी आणली. नाव बघून प्राध्यापक गालातल्या गालात हसले. ही त्यांनी पूर्वी ऐकलेली होती, पण बोलले नाहीत. हवेलीच्या मालकाच्या डोळ्यांत घालायच्या औषधात कुणीतरी विष मिसळतं, अशी ती गोष्ट. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी माझ्याच उजेडात चिठ्ठीवर ‘डॉक्टर’ असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

खुनी निघाली मालकाची बायको.

जावई म्हणाले, “बाबा, या आठवड्यात मोरी तुमची.” सगळे हसले. प्राध्यापक हसले नाहीत.

“पुस्तक चुकलंय,” ते म्हणाले. “मी ऐकलीये ही. डॉक्टर असतो.”

“दुसरी कुठली तरी असेल, बाबा.”

“हीच. हवेली हीच, थेंब हेच. डॉक्टर असतो.”

प्राध्यापकांचे थोरले भाऊ अखेरच्या दिवसांत असेच भांडायचे, भिंतीवरच्या कॅलेंडरशी. आज गुरुवार नाहीच म्हणून. ते साऱ्यांना आठवलं असणार. प्राध्यापकांना तर आठवलंच. दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसून मूलद्रव्यांची नावं क्रमानं पुटपुटत होते. एका जागी अडले आणि थांबले. मग त्यांनी मुलीला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलं. पुस्तकाला हात लावला नाही. तीन संध्याकाळी माझं बटण कुणी दाबलं नाही.

त्या अंधारात मी घाबरून उभा होतो. कारण मलाही ‘डॉक्टर’च आठवत होतं. आता एका विसराळू म्हाताऱ्याच्या बाजूनं दुसऱ्या विसराळू म्हाताऱ्यानं साक्ष द्यावी, तर तिला किंमत किती?

चौथ्या दिवशी दुपारी पत्नी परत आल्या. मुलीनं दारातच हळू आवाजात सगळं सांगितलं. त्या हातातली पिशवी न ठेवताच आत आल्या, टेबलावरचं पुस्तक उचलून नाव वाचलं आणि प्राध्यापकांकडे वळल्या.

“अहो, तुमचं काही बिघडलेलं नाही. खुनी मी बदलला होता.”

बावीस वर्षांपूर्वी प्राध्यापकांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, नेमकं नाताळच्या सुट्टीत. वाचन चुकायला नको, म्हणून त्या रोज दुपारी खिडकीशी बसून हीच गोष्ट त्यांना वाचून दाखवायच्या. दुपार असल्यानं मी बंद. मीही नुसतं ऐकलंच होतं.

“तुम्ही डोळ्यांना पट्टी बांधून पडलेले. दिवसातून चार वेळा ती सोडून थेंब घालणार मी. आणि पुस्तकात थेंबांतून विष घालणारी बायकोच. कुठल्या तोंडानं वाचू? म्हटलं, घालावं डॉक्टरच्या गळ्यात.”

प्राध्यापकांनी त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं. म्हणाले, “म्हणजे शेवट तू आधी वाचलास?”

“वाचला. म्हणून तर बावीस वर्षं गप्प बसले.”

ते हसायला लागले ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसत राहिले. “भांडी आता तू घासायचीस,” ते म्हणाले. “जन्मभर.” मेंदूच्या डॉक्टरांना नको म्हणून कळवलं. त्या संध्याकाळी माझं बटण दाबलं गेलं, आणि तसा लख्ख उजेड मी नवा असतानाही पडला नसेल.

पण माझा स्वभाव वाईट. एकदा प्रेमापोटी खोटं वाचणारी बाई प्रेमापोटी दुसऱ्यांदा खोटं बोलणार नाही कशावरून? तिनं वाचलेली ती प्रत घरात नव्हती. कधीच बहिणीकडे गेली होती. प्राध्यापकांना असली शंका शिवली नाही. ते पुढं नऊ नाताळ मजेत चिठ्ठ्या टाकत राहिले. कुरतडत बसलो तो मी.

आता ती दोघं नाहीत. मी मुलीच्या टेबलावर असतो. टोपीला तडा गेलाय, मान जरा खाली लवते, पण पानापुरता उजेड अजून पडतो. तुमच्या घरात असा एखादा जुना दिवा असेल, तर त्याची वायर बदलून बघा. टाकायची घाई करू नका. त्यानं काय काय ऐकलेलं असतं, सांगता येत नाही.

गेल्या वर्षी मावशीचं घर रिकामं केलं, तेव्हा मुलीनं पुस्तकांचं एक खोकं आणलं. त्यात ती प्रत होती. तिनं माझ्याखाली शेवटचं प्रकरण उघडलं. सात ठिकाणी ‘बायको’वर पेन्सिलीची बारीक रेघ मारून वर ‘डॉक्टर’ लिहिलेलं होतं. आणि शेवटून दुसऱ्या पानाच्या समासात, त्याच पेन्सिलीनं: ‘चार वाजले. थेंब.’