उभी ओळ

गणिताच्या विशाल सरांनी मान इतकी मागे टाकली की चष्मा कपाळावर सरकला. गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीतल्या सुपाऱ्या ते बोटाने मोजत होते.

"नऊ... सात... आणि ही एक. सतरा?" त्यांनी पुन्हा मोजलं. "गौरवी, पंधरा यायला हव्यात ना गो? आणि मधल्या घरात पाच हव्यात. सात कशा?"

हळर्णच्या त्या घरात दर चवथीला लाकडी चौकटीची माटोळी टांगत, तिला रानातली फळं-फुलं केवणीच्या झुडपाच्या सालीच्या दोरांनी बांधत. यंदा चौकटीच्या नऊ घरांत गौरवीने जादूचा चौरस घालायचं ठरवलं होतं. एक ते नऊ, प्रत्येक घरात वेगळ्या संख्येने ओल्या सुपाऱ्या. आडवं मोजा, उभं मोजा, तिरकं मोजा, पंधरा म्हणजे पंधराच! शाळेच्या गणित प्रदर्शनात पहिली आल्यापासून तिचे पाय तसेही जमिनीवर नव्हते. चौकात भेटेल त्याला ती सांगत सुटली होती, चवथीला आमच्याकडे या नि मोजून बघा.

आणि आता सर मोजत होते, आणि खोलीभर माणसं बघत होती.

"काकीने घरं बदलली असतील," गौरवी म्हणाली. वर हसलीसुद्धा.

सुलोचना काकी करंजीसारख्या नेवऱ्यांचं ताट घेऊन दारातच उभी होती. तिने ताट सरांपुढे धरलं.

"हय, माझ्याकडूनच चुकलं असणार. घ्या सर, गरम आहेत."

रुक्मिणी आतेने पदर सारखा केला. "मी सांगलेलंय. काय कामां कोणी करूची नसतत. पुढल्या वर्साक महादेवच बांधतलो."

महादेव, म्हणजे गौरवीचे बाबा, कोपऱ्यात बूट शोधत राहिले. त्यांना मोपाला विमानतळावर ड्युटीला जायचं होतं.

काका होते तोवर माटोळी तेच बांधत. काकी खाली उभी राहून एकेक वस्तू वर द्यायची. कुठली गाठ कुठे, हे काकांपेक्षा तिलाच जास्त ठाऊक. काका गेले त्याला तीन वर्षं झाली, आणि तेव्हापासून शुभ कामातून तिचे हात आपोआप मागे घेतले गेले. यंदा गौरवीने आतेशी भांडून भांडून घर डोक्यावर घेतलं होतं, "माटोळी काकीच बांधणार, नाहीतर मी आरतीला उभी राहणार नाही!" शेवटी काकी शिडीवर चढली, तेव्हा साडीचा ओचा तिने दोनदा सोडून पुन्हा खोचला. ते फक्त गौरवीने पाहिलं होतं.

आणि त्याच गौरवीने आता तिच्यावर ढकललं होतं. पण काकीनेच चूक केली असेल तर? तर मग खरं बोलण्यात काय वाईट, असं ती स्वतःला समजावत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीचा, सेजलचा मेसेज आला. "तुझ्या स्टेटसवरचा कागद बघितलास? मध्ये सात लिहिलायस, गे शाणी."

माटोळी बांधायला काकीला दिलेल्या कागदाचा तो फोटो गौरवीने मोठा केला. वरची ओळ चार, नऊ, दोन. मधली तीन, सात, पाच. खालची आठ, एक, सहा. तिचंच झोकदार अक्षर, कोपऱ्यात तिनेच काढलेली चांदणी. मधल्या ओळीत पाच आणि सात यांची अदलाबदल झाली होती. सेजलशी फोनवर गप्पा हाणत लिहिला होता ना तिने तो कागद! आणि तपासल्या फक्त आडव्या ओळी. आडव्या तिन्ही पंधराच येत होत्या.

तिने स्टेटस पुसून टाकलं.

पण माटोळी कशी पुसणार? एकदा बांधली की बाप्पा घरात असेपर्यंत सोडायची नाही, ही त्या घरची रीत. चार दिवस त्या सात सुपाऱ्या मधोमध लोंबत राहिल्या. आरतीला सगळ्यांचे डोळे मूर्तीवर, गौरवीचे मात्र वर. शेजारची यशोदा दर्शनाला आली नि हसत म्हणाली, "काकीक पाढे शिकय गो आता!" काकी सगळ्यांबरोबर हसली. गौरवीने मात्र हातातली नेवरी ताटात परत ठेवली. दोनदा ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. एकदा पाणी पिऊन परत आली, एकदा नुसतीच.

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. सगळे ओल्या कपड्यांनी घरी आले, आणि माटोळी उतरवायला घेतली. "दोरांचा डबा आण गो," बाबा म्हणाले. गौरवीने डबा उघडला. उरलेल्या दोरांखाली तिचा कागद होता, चार घड्या घातलेला.

तिने तो उलगडला. चौरसाखाली, प्रत्येक उभ्या ओळीखाली, पेन्सिलीने बारीक आकडे लिहिलेले होते. पंधरा. सतरा. तेरा. ते आकडे काकीचे होते; भुसारी दुकानाच्या यादीवर ती असेच थरथरते आकडे काढायची.

तेव्हा तिला आठवलं. शिडीवर चढण्याआधी काकी कागद घेऊन आली होती. "बाय, एकदा उभी मोजून बघशी?" आणि ही फोनवरून मान न उचलता म्हणाली होती, "काकी, गणितात पहिली कोण आलीय? आहे तसंच बांध तू."

काकीने आहे तसंच बांधलं होतं.

"गौरवी, डबो खंय?" बाबांनी शिडीवरून विचारलं.

"यंदाचां झालां तां झालां," आते सुपारीचे घोस सुपात ठेवत होती. "पुढल्या वर्साक कोणाचां ऐकूचां नाय. महादेवा, तूच बांध."

काकी सुपातल्या सुपाऱ्या वाटपासाठी वेगळ्या करत होती. मान खाली. तिने गौरवीच्या हातातला कागद पाहिला, आणि अगदी किंचित, कुणाला दिसणार नाही अशी, नको म्हणून मान हलवली.

गौरवीने डबा खाली ठेवला. ती आतेसमोर जाऊन बसली नि कागद सुपावर, सुपाऱ्यांच्या मधोमध पसरला.

"आते," ती म्हणाली, "ही मधली उभी ओळ मोज. मोठ्याने मोज. आणि वरचं अक्षर कोणाचं ते सगळ्यांना सांग."