आकारामची ओळ

हंबीररावांनी आपल्याच दुकानात छापलेलं कळंब्याच्या सप्ताहाचं हँडबिल उजेडात धरलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कीर्तनकार बुवांचं नाव ठळक, काल्याची वेळ बरोबर; पण अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'अक्षरजुळणी : आकाराम'. पुढं त्याच्या घरचा फोन नंबर!

आकाराम त्यांचा जुना भागीदार. दिवाळीत दोघांचं फाटलं आणि त्यानं राजारामपुरीत वेगळं डीटीपीचं दुकान थाटलं. तो गेल्यावर हंबीररावांनी त्याचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवरनं काढायला लावलं आणि त्याच कंपनीचं पुढचं, नवं बसवलं. हे सगळं केलं कामावरच्या राजनंदिनीनं; आता मशीनला हात लागायचा तो तिचा एकटीचा.

"पोरी, हे कुणी घातलं?"

"मी न्हाय, काका. स्क्रीनवर बघा की, हाय का कुठं?"

स्क्रीनवर खरंच नव्हतं. मग कागदावर उमटलं कुठनं? परवा महाद्वार रस्त्यावर आकारामची बायको हिच्याशी हसून बोलत होती, हे हंबीररावांना नेमकं आत्ता आठवलं.

झालं! टेपवर कीर्तनाची कॅसेट लावून ते तिच्या पाठीमागं खुर्ची टाकून बसले. बुवा तिकडं गजेंद्राच्या हाकेला देवाला धावायला लावत होते आणि इकडं ह्यांचा कान सगळा कीबोर्डवर. दुपारी पुन्हा एक कागद छापला. तळाला आकाराम हजर! हंबीररावांनी फोन उचलला आणि तिच्या आबांना तिच्यादेखत सांगून टाकलं, "उद्यापासनं पोरीला पाठवू नगा. हात साफ न्हाय तिचा."

राजनंदिनीचा चेहरा उतरला. "काका, घरात आधीच म्हणत्यात, पुरे झालं काम, स्थळं बघूया. आता तर संपलंच की." ती ताडकन उठली. "बसा हितं. तुमच्या हातानं टाईप करा."

हंबीररावांनी एका बोटानं 'रामकृष्णहरी' उमटवलं आणि छापलं. खाली आकाराम.

"करणी केली की काय भडव्यानं!"

"करणी कशाची? आत्ता ध्यानात आलं. सॉफ्टवेअर काढलं तरी त्याच्या सेटिंगची फाईल मागं ऱ्हाती. नव्यानं तीच उचलली. छापताना खाली नाव घालायचं, एवढं तिच्यात हाय."

"मग तवाच का न्हाय काढलीस?"

"बाकीचं सगळं साफ केलं. ही 'श्री' फोल्डरात हाय. त्याला हात लावायचा न्हाय, असं तुमीच दटावलंय न्हवं?"

हंबीररावांनी दटावलं होतं खरं. मशीन गुढीपाडव्याला आलं होतं. वहीच्या पहिल्या पानावर काढतात तसा पहिला फोल्डर 'श्री' नावाचा करून त्यांनी मॉनिटरला हळदकुंकू वाहिलं होतं. चांगली जागा म्हणून आकारामनं सेटिंगही तिथंच ठेवल्या असणार. त्यात कपट कसलं!

"काढ मग."

"मी न्हाय. उद्या आणि कायतरी गेलं तर माझंच नाव. तुमी काढा, मी सांगतो."

तिनं सांगितलं तिथं त्यांनी माऊसचा बाण नेला. नक्की पुसायचं का, असं मशीननं विचारलं. "पांडुरंगा, क्षमा कर रे बाबा," हंबीरराव पुटपुटले. मग मान वळवून हळूच म्हणाले, "तूबी कर, पोरी." आणि बटण दाबलं.

पुन्हा कागद छापला. तळ कोरा. तरी त्यांनी तो उलटा करून मागनंही बघितला.

"आबांना फोन लावतो," ते म्हणाले.

"फोनवर नगो. घरी चला."

हंबीररावांनी टेप बंद केला, शटर ओढलं. बोळातनं तिच्या मागं चालताना त्यांना राहवेना. "काय म्हणतील गं आबा?"

"दुपारी पोरगी वाईट आणि सांजंला चांगली! म्हणतील, ह्या माणसाचंच कायतरी काळंबेरं हाय."

"मग?"

"मग बसा की पटवत, काका. मला न्हाय का बसावं लागलं?"