बारीक गोळी

"डोळे मिटलेत तुम्ही," बुबुसारा म्हणाली.

"धूर गेला डोळ्यात."

"बार उडायच्या आधीच?"

खांदा चोळत तोरोकान समोरच्या खडकाकडे बघत होता. गोळी खडकाला शिवलीसुद्धा नव्हती. नऊ मिलिमीटरची ती दणकट रायफल त्याच्या मेव्हण्याने, जोलचुबेकने, नारिन शहरातून मागून आणली होती. अस्वलाने कुरणावरच्या घोड्या फाडायला सुरुवात केल्यापासून सगळ्यांची नजर तोरोकानवर होती. त्याच्याइतका जुना शिकारी या डोंगरात उरला नव्हता. पण घोड्यावरून पडून त्याचा उजवा खांदा निखळला होता, आणि दणका बसणार म्हटलं की अंग आधीच आक्रसायचं. हे तो कोणापाशी बोलला नव्हता.

"दाजी, अस्वल आहे ते," जोलचुबेक म्हणाला. "तुमच्या त्या जुन्या बंदुकीने त्याला गुदगुल्या होतील."

बुबुसाराने रायफल घेतली, त्यांच्याकडे पाठ करून खटका मागेपुढे केला आणि नवऱ्याच्या हातात दिली. "आता मारा."

चाप ओढताच त्याच्याच हिसक्याने नळी खाली गेली. आवाज मात्र झाला नाही. तिने गोळी भरलीच नव्हती.

जोलचुबेक हसला नाही. तेच तोरोकानला जास्त लागलं. तो तंबूत गेला आणि आपली जुनी, बारीक गोळीची रायफल काढून बसला.

"हिने मारायचं तर फार जवळ जावं लागेल," बुबुसारा म्हणाली.

"मग जाईन."

दिवसभर तो एका जागी टिकला नाही. पुसलेली नळी परत पुसली, चहा ओतून घेतला आणि तसाच गार होऊ दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो आणि जोलचुबेक चढावर पोचले, तेव्हा ओढ्यापलीकडच्या उतारावर अस्वल मुळं उकरत होतं.

"इथूनच उडवा, दाजी! नऊची आणलीय मी. घ्या."

तोरोकानचा हात पुढे झाला, मागे आला. "नुसतं जखमी होईल. मग ते कुणाच्या तंबूत शिरेल?"

ते घळीत उतरले. रांगत, वारा तोंडावर घेत पलीकडे निघाले, तोवर तोरोकानची तांबडी घोडी शिंगराला घेऊन डोंगराच्या सोंडेमागून तिथे चरत आली होती. ते वर आले तेव्हा शिंगरू अस्वलाच्या पंजाखाली होतं.

या वेळी तोरोकानचे डोळे मिटले नाहीत. बारीक गोळी अस्वलाच्या पुढच्या पायामागे बरोबर बसली. अस्वल झुडपांत घुसलं. जोलचुबेक धावणार, तोच तोरोकानने त्याला मनगटाला धरून खाली बसवलं. बऱ्याच वेळाने गेले, तर ते पालथं पडलेलं होतं.

"वरूनच मारलं असतं तर वाचलं असतं शिंगरू," जोलचुबेक म्हणाला.

"लागली असती का वरून?" घरी बुबुसाराने विचारलं.

"कुणास ठाऊक."

दुपारी ती तांबड्या घोडीच्या धारा काढायला बसली. शिंगरू शेजारी असल्याशिवाय घोडी पान्हा सोडत नाही. तोरोकान न बोलावता आला आणि घोडीच्या अंगाला अंग लावून शिंगराच्या जागी उभा राहिला. घोडीने मान वळवून त्याचा कोट हुंगला. परत हुंगला. मग डोंगराकडे तोंड करून खिंकाळली.

तो तिथून हलला नाही. बुबुसारा रिकामी बादली धरून बसून राहिली.