सरस

नखाएवढा पिवळट तुकडा. पटाशीच्या टोकावर चिकटून बसलेला, उजेडात धरला की मधासारखा आरपार दिसणारा... मिलिंदने तो अंगठ्यावर घेतला, ओला केला, पुन्हा चोळला. तुकडा हळूहळू मऊ पडला, बोटाला धरू लागला, आणि मग तो वास आला. अगदी थोडा. पण तेवढा पुरे होता. तीस वर्षं लाकडात घातलेल्या माणसाला त्यासाठी दुसऱ्याला विचारायला जावं लागत नाही. सरस होता तो. जनावरांच्या कातड्यांचा, हाडांचा, उकळून काढलेला जुना सरस.

म्हणजे खुर्ची सरसाने जोडलेली होती. आप्पांची खुर्ची!

त्याला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. साजगावच्या कारखान्यातल्या कुणा साहेबाची बदली झाली तेव्हा आप्पांनी ती विकत घेतली आणि सायकलला बांधून खालापुरापर्यंत चालत आणली. हात टेकायला रुंद दांडे असलेली, शिसवी. घरी कुणीही येवो, वाडीवरची लाकडं विकणारी बुधी येवो की तलाठी, आप्पा आधी त्याला त्या खुर्चीत बसवायचे आणि स्वतः उभे राहायचे. पाहुणा गेला की मग आपण बसायचे, पेपर उघडायचे. पन्नास वर्षं. आणि ज्या सरसाला त्यांनी आयुष्यभर उंबरठा ओलांडू दिला नाही, तोच त्यांना खालून धरून होता.

परवा मागच्या पायाचा सांधा सुटला. आप्पा पडले नाहीत, नुसते उठून उभे राहिले – आणि तेव्हापासून उभेच आहेत. खुर्चीच्या जागेशी, एका हाताने भिंत आणि एका हाताने खुर्चीचा दांडा धरून. दुसऱ्या खुर्चीत बसत नाहीत, खाटेवर बसत नाहीत; आठवण गेल्यापासून समजावलेलं कळतही नाही. रात्री धरून आडवं करावं लागतं. बसल्याशिवाय जेवत नाहीत, आणि उभ्याने भरवायचं तर कर्जतच्या डॉक्टरांनी बजावलंय, घास श्वासनळीत जाईल. पाय सुजून खांबासारखे झालेत. ब्याऐंशी वर्षांचा माणूस किती वेळ उभा राहणार?

"अवो, आजबी ताटाला हात लावला नाय," त्याची बायको स्नेहल मघाशी दारातून सांगून गेली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे जास्त लागलं. "तुमी सुतार ना? एक खुर्ची होईना तुमच्यानं?"

होईना खरी. तीनदा चिकटवली. आधी नेहमीचा पांढरा गोंद लावला, मग पाण्याला दाद न देणारा, काल तर दोन नळ्या कालवून लावायचा तो जालीम प्रकार, जो दगडालासुद्धा सोडत नाही म्हणतात. दर वेळी क्लॅम्प काढला, आप्पांना बसवलं, आणि सांध्याने कर्रर्र केलं. चूक त्याचीच होती. सांधा पुरता उघडून आतलं खरवडायला हवं होतं – शिकाऊ पोरालाही कळेल – पण आप्पा दुसरा दांडा हातात घट्ट धरून उभे, सोडवला की लहान मुलासारखे रडायला लागायचे. म्हणून वरवर पुसलं आणि लावलं. खाली जुना थर तसाच. नवीन गोंद त्या थराला चिकटायचा आणि थरासकट खपलीसारखा निघून यायचा. आज आडवं केल्यावर आप्पांचा डोळा लागला तेव्हा कुठे खुर्ची मागच्या पडवीत आणता आली.

जुन्या सरसाला नवा सरसच धरतो. कर्जतला आयटीआयमध्ये सरांनी सांगितलं होतं... गरम सरस ओतला की जुना विरघळतो, दोन्ही एक होतात, खरवडायची गरजच नाही. त्या दिवशी सरांनी वर्गात सरसाचा डबा चढवला होता आणि मिलिंद तो वास अंगावर घेऊन घरी आला. एकोणीस वर्षांचा. आप्पांनी दारातच अडवलं, शर्ट बाहेर काढायला लावला, काठीने उचलून चुलीत घातला. नवा शर्ट होता.

"हे घरात नाय."

"पण का, आप्पा?"

"सांगितलं ना, नाय."

बस, एवढंच. कारण त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. छप्पन साली मेलेली ढोरं ओढायचं सोडलं हे विहारातल्या प्रत्येक भाषणात ऐकलेलं. पण भाषणातलं ते सगळ्यांचं होतं. आप्पांचं स्वतःचं काय, ते धर्मांतराआधीचे बारा-तेरा वर्षांचे आप्पा, त्याबद्दल त्यांनी कधी तोंडातून अक्षर काढलं नाही. मिलिंदने किती वेळा वाट पाहिली असेल! त्याच्या लग्नात, आईच्या मातीहून परतताना. ज्याचं जळतं त्यालाच कळतं हे खरं, पण जवळच्याला निदान सांगावं तरी.

सरसाची पुडी त्याच्याकडे होती. कशेळ्याकडच्या एका फार्महाऊसचं जुनं कपाट दुरुस्त करायला आणलेली, आणि तेही काम त्याने कर्जतला रुपेशच्या शेडमध्ये उरकलं होतं, घरी नाही. आता मात्र तो पुडीकडे बघत बसला. आप्पांना आता काय आठवतंय? माझं नाव आठवत नाही. आई गेलेली आठवत नाही. मग एका वासाचं काय... असा विचार मनात आला आणि त्याला स्वतःची किळस आली. बाप विसरला म्हणून त्याचा शब्द मोडायचा? आणि नाही मोडला तर तो उभ्या उभ्या, उपाशी... धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्याने स्टोव्ह पेटवला. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात भिजलेला सरस. दार लोटून घेतलं. वास पडवीभर झाला, पत्र्याला जाऊन भिडला. सांधा उघडून त्याने ब्रशने सरस आत सोडला, पाय बसवला, क्लॅम्प आवळला. जुनं लाकूड सरस पिऊन घेत होतं. पहिल्यांदाच सांधा मुकाट जाऊन बसला.

"बा."

दार उघडं होतं. आप्पा चौकटीला धरून उभे होते, आणि त्यांचे डोळे त्याच्यावर होते. गेल्या वर्षभरात त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं, इतकं नीट, इतकं ओळखून.

"आप्पा, मी मिलिंद."

"कुनाचं ढोर मेलं, बा?"

त्यांना समोर त्यांचा बाप दिसत होता. आजोबा त्याने पाहिलेसुद्धा नव्हते. लडकू नावाचा एक माणूस, फोटोही नसलेला.

"मला नको नेऊस," आप्पा म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "वास येतो म्हनून मास्तर भाईर बसवतो. पोरं नाकाला हात लावत्यात. मी टोपली उचलीन, बा... पन शाळा सुटल्यावर. येतो ना मी. शाळा सुटल्यावर येतो."

मिलिंदच्या हातात ब्रश तसाच होता. मी मिलिंद आहे, असं अजून एकदा म्हणावं असं त्याला वाटलं आणि म्हणवेना. त्या मुलाला मिलिंदचा काय उपयोग? त्याने कधी न ऐकलेला आवाज काढायचा प्रयत्न केला.

"नाय नेत. जा तू शाळंत."

आप्पांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काल पन असंच म्हनलास," ते म्हणाले.

मागून स्नेहल आली, तिने त्यांच्या दंडाला धरलं. ते गेले नाहीत. तिथेच उभे राहिले, न्यायला आलेल्याबरोबर निघायचंच आहे अशा तयारीने. मिलिंदने स्टोव्ह विझवला, पण वास काही जाईना. इतकी वर्षं जे ऐकायची वाट पाहिली ते शेवटी आप्पांनी सांगितलं होतं, त्याच्या तोंडावर सांगितलं होतं, आणि त्यात तो मुलगा म्हणून कुठेच नव्हता. त्यांच्यासमोर उभा होता तो त्यांना नेणारा माणूस. आणि तो शब्द पाळणार नाही, हे त्या मुलाला आधीच माहीत होतं.